चित्रपट आणि युरोपीय भाषा, पुण्यात शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकालांचे दिवस आले की आम्हाला येणारे निरोप साधारण एकाच चालीचे असतात: भाषा आवडते, सिनेमा आवडतो, दोन्ही मिळून काही करता येईल का? तेच प्रश्न खाली, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. पुण्यातल्या वर्गांचं शुल्क आणि अर्जाच्या तारखा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या दरवर्षी बदलतात, त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात.

१. पुण्यात चित्रपट आणि युरोपीय भाषा अशी एकत्र पदवी मिळते का?

नाही. ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांत असा जोड-अभ्यासक्रम असतो. निम्मे विषय चित्रपटाचे, निम्मे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा एखाद्या भाषेचे, आणि मधलं एक वर्ष ती भाषा बोलणाऱ्या देशात. त्याची माहिती वाचूनच बरेचजण आम्हाला लिहितात.

पुण्यात ती पदवी नसली तरी तिचे सगळे सुटे भाग आहेत, आणि दुचाकीच्या एका फेरीत बसतील इतके जवळ: फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट, लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय, सेनापती बापट रस्त्याजवळ पत्रकारनगरात फ्रेंच शिकवणारी अलियाँस फ्रान्सेज आणि नदीपलीकडे बोट क्लब रस्त्यावर जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन. जोडणी मात्र तुमची तुम्हालाच करावी लागते. आमचं मत आधीच सांगून टाकतो: भाषा आधी सुरू करा, सिनेमाचं शिक्षण मागून आलं तरी चालेल. सिनेमाची समज तिशीतही वाढते. भाषेला रोजचा एक तास लागतो, आणि तो कॉलेजच्या वयात जितका सहज सापडतो तितका पुढे सापडत नाही.

२. विद्यापीठातून जर्मन करायचंय. गणेशखिंडीच्या मुख्य आवारात चौकशी करायची का?

तिकडे हेलपाटा घालू नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. म्हणून तर ‘रानडेत जर्मन करतोय’ असं म्हणतात. तिथे जर्मन, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश आणि जपानी शिकवतात. बारावीनंतर प्रमाणपत्र, मग पदविका, मग त्यापुढची पदविका अशा वर्षावर्षाच्या पायऱ्या आहेत. फ्रेंच आणि जर्मनमध्ये एम.ए.सुद्धा होतं.

३. रानडे करू की मॅक्स म्युलर? घरात रोज यावरून वाद होतात.

दोन्हींचा हेतू वेगळा आहे, त्यामुळे वादाला अर्थ नाही. रानडेचा अभ्यासक्रम विद्यापीठाचा. तो कॉलेज सांभाळून वर्षभर सावकाश चालतो आणि पुढे एम.ए.पर्यंत नेतो. मॅक्स म्युलर, अलियाँस इथे युरोप परिषदेने २००१ मध्ये आखलेल्या ए-१ (अगदी सुरुवातीची) ते सी-२ (सगळ्यांत वरची) या सहा पातळ्यांनुसार शिकवतात. परदेशी विद्यापीठं, वकिलाती आणि बहुतेक कंपन्या याच पातळ्यांच्या भाषेत बोलतात.

भारतात भाषेचं अध्यापन किंवा संशोधन करायचं असेल तर विद्यापीठाचा रस्ता. बाहेर जायचं असेल तर पातळीची परीक्षा द्यावीच लागेल, रानडेची पदविका असली तरीही. पुष्कळजण शिकतात रानडेत आणि परीक्षा देतात बोट क्लब रस्त्यावर. ही सोय वाईट नाही, कारण या परीक्षांना बसायला तिथलाच वर्ग केलेला असावा अशी अट नसते.

४. सिनेमाच्या दृष्टीने कोणती भाषा घ्यावी?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि याचं उत्तर आवडत्या दिग्दर्शकावरून ठरवू नये. दिग्दर्शक दोन वर्षांत बदलतो, व्याकरण बदलत नाही.

फ्रेंच घेण्याचं खरं कारण म्हणजे सिनेमाविषयी त्या भाषेत झालेलं प्रचंड लेखन. समीक्षा, सिद्धांत, संग्रहालयांचं काम, सगळ्यांत फ्रेंच उपयोगी पडते. जगभरच्या चित्रपट संग्रहालयांचा महासंघ १९३८ मध्ये पॅरिसमध्येच स्थापन झाला आणि आपलं पुण्याचं संग्रहालय १९६९ पासून त्याचं सदस्य आहे. त्रास होतो तो कानाला. लिहिलेल्या अक्षरांपैकी निम्मी ऐकूच येत नाहीत, आणि पहिले सहा महिने फार चिडचिड होते.

जर्मनचं गणित व्यवहाराचं आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीशुल्क नाही (पण प्रश्न १२ वाचल्याशिवाय हुरळून जाऊ नका), आणि सिनेमात काही जमलं नाही तरी चाकणच्या जर्मन मोटार कारखान्यांपासून हिंजवडीच्या आयटी कंपन्यांपर्यंत पुण्यात या भाषेला काम आहे.

स्पॅनिशचे उच्चार मराठी जिभेला सोपे. शिवाय ती एकाच देशाची भाषा नाही, ब्राझील सोडून बहुतेक लॅटिन अमेरिकेचा सिनेमा तिच्यामागे उभा आहे. क्युबात सान अंतोनियो दे लोस बान्योस इथे १९८६ मध्ये सुरू झालेली आंतरराष्ट्रीय चित्रपटशाळा आहे. तिथे नेहमीचा अभ्यासक्रम स्पॅनिशमधूनच शिकवतात.

रशियन आज कमीजण घेतात. मॉस्कोची १९१९ मधली चित्रपटशाळा जगातली सगळ्यांत जुनी, आणि संकलनाचा विचार मुळापासून करायचा असेल तर ही भाषा अजून पुरते. लिपीला घाबरू नका, ३३ अक्षरं पंधरा दिवसांत बसतात. घाबरायचंच असेल तर क्रियापदांना घाबरा.

अजूनही ठरत नसेल तर ज्या वर्गाची वेळ आणि अंतर तुम्हाला वर्षभर झेपेल ती भाषा घ्या. अर्ध्यात सुटलेले वर्ग आम्ही पाहिलेत ते बहुधा हडपसरहून बोट क्लब रस्त्यावर सकाळी सातला पोचण्याच्या हट्टापायी.

५. दोन भाषा एकदम चालू केल्या तर?

नको. पहिली बी-१ ला पोचू दे. स्पॅनिश आणि फ्रेंच एकदम केलेल्यांची दोन्हींची क्रियापदं एकमेकांत मिसळतात आणि ती निस्तरण्यात वर्ष जातं.

६. मी बी.कॉम. करतेय. सोबत भाषेचा कोर्स केला तर नियमात बसतं का?

प्रमाणपत्र किंवा पदविका अर्धवेळ असेल तर काहीच अडचण नाही, पुण्यात ही पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. दोन पूर्ण पदव्या एकाच वेळी करण्याबद्दल विचारत असाल तर विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली. अट अशी की दोन्हींच्या तासिका एकमेकांवर येता कामा नयेत. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात दोन वेळापत्रकं जुळवून देणारं कॉलेज शोधावं लागतं, म्हणून आम्ही पदवी अधिक पातळीची परीक्षा हाच मार्ग सुचवतो.

७. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. वर्गात सगळे इंग्रजीत बोलतील, मला जमेल का?

पहिले काही आठवडे बुजल्यासारखं होईल. पण चांगल्या वर्गात इंग्रजी फार वापरतच नाहीत, पहिल्या दिवसापासून शिकायच्या भाषेतच बोलतात, आणि तिथे सगळे सारखेच अडाणी असतात.

उलट तुमच्याकडे काही गोष्टी जास्तीच्या आहेत. तीन लिंगं ही कल्पना तुम्हाला जन्मापासून ठाऊक आहे. जर्मन आणि रशियनलाही तीन लिंगं आहेत, आणि निर्जीव वस्तूला लिंग का, हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. नामाचं रूप वाक्यातल्या कामानुसार बदलतं हेही शाळेत विभक्तीच्या तक्त्यात घोकलेलं असतं. जर्मनमध्ये विभक्ती चार, रशियनमध्ये सहा. तू आणि तुम्ही यांतला फरक फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन सगळ्यांत आहे. एवढंच लक्षात ठेवा की मराठीतलं लिंग तिकडे जसंच्या तसं लागू होत नाही, त्यामुळे शब्द लिंगासकटच पाठ करायचा.

८. बी-२ व्हायला किती वेळ लागतो? एका क्लासने सहा महिने सांगितलं.

मॅक्स म्युलर भवन ज्या गोएथे इन्स्टिट्यूटचा भाग आहे, तिचाच अंदाज पाहा: ४५ मिनिटांची एक तासिका धरली तर बी-१ साठी ३५० ते ६५० आणि बी-२ साठी ६०० ते ८०० तासिका. आठवड्याला दहा तासिका मिळाल्या आणि एकही बुडाली नाही, तर बी-२ ला सव्वा ते दीड वर्ष. गणपती, दिवाळी आणि सेमिस्टरच्या परीक्षा धरून दोन. सहा महिन्यांत होतंही, पण मग दिवसभर दुसरं काही करायचं नाही.

९. सबटायटल लावून सिनेमे पाहत गेलं तर क्लासशिवाय भाषा येईल का?

इंग्रजी सबटायटल लावलीत तर इंग्रजी वाचन सुधारेल. गंमत सोडा, पण डोळे वाचण्यात गुंतले की कान मागे पडतात.

सिनेमा वापरायचाच असेल तर अख्खा नको, तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग घ्या, दोघंजण बोलताहेत असा. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहा आणि कोण कुणावर चिडलंय, कोण काय लपवतंय ते मराठीत लिहून काढा. दुसऱ्यांदा आवाजासह, सबटायटलशिवाय; जे शब्द कानाला लागतील ते टिपा. तिसऱ्यांदा त्याच भाषेची सबटायटल लावा. म्हणजे फ्रेंच सिनेमाला फ्रेंचच. आणि मग पहिल्या कागदाशी ताडून पाहा. यातून भाषा शिकताच, पण दिग्दर्शकाने कुठली गोष्ट संवादातून सांगितली आणि कुठली नुसत्या चेहऱ्यावर सोडली हेही दिसायला लागतं. ए-२ च्या आधी मात्र हे करू नका, नुसती निराशा पदरी येते.

१०. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ‘फिल्म स्टडीज’ शिकवतात ना?

तिथे मुख्यतः सिनेमा करायला शिकवतात: दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी वगैरे. सिनेमाचा इतिहास आणि रसग्रहण असतं, पण ते करणाऱ्याच्या तयारीचा भाग म्हणून. हे मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचे, पदवीनंतरचे, आणि प्रवेश परीक्षा देऊनच मिळणारे. पदवी बहुतेक ठिकाणी कुठल्याही विषयाची चालते, म्हणजे बी.ए. जर्मनसुद्धा.

निबंध, सिद्धांत, इतिहास अशा अंगाने सिनेमाचा अभ्यास करायचा असेल तर तो वेगळा विषय आहे. देशातला पहिला चित्रपट-अभ्यास विभाग १९९३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात सुरू झाला. हैदराबादच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठात युरोपीय भाषा आणि चित्रपट-अभ्यास दोन्ही एकाच छपराखाली आहेत. तुमच्या मनातल्या जोडीच्या सगळ्यांत जवळ जाणारं भारतातलं ठिकाण आमच्या मते तेच. पुणे सोडायची तयारी असेल तर आधी तिथे पाहा.

जाता जाता: फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये सुरू झाली ती प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत. प्रभात कोल्हापूरहून पुण्यात आली १९३३ मध्ये, आणि त्याच सुमारास ‘सैरंध्री’ या चित्रपटाच्या रंगीत प्रतींसाठी दिग्दर्शक व्ही. शांताराम जर्मनीला गेले होते. म्हणजे या आवाराचा जर्मनशी संबंध तिथे फिल्म इन्स्टिट्यूट येण्याच्याही आधीचा.

११. मला रंग नीट ओळखता येत नाहीत. फिल्म इन्स्टिट्यूटला अर्जच करू नको असं एकाने सांगितलं.

ती माहिती जुनी आहे. पूर्वी काही अभ्यासक्रमांना रंगांधळ्या उमेदवारांना प्रवेश नव्हता. संकलनाला निवड होऊनही याच कारणावरून प्रवेश नाकारलेल्या एका उमेदवाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की रंगांधळेपणावरून कुणालाही अभ्यासक्रमातून वगळू नये. सिनेमा हे अनेकांनी मिळून करायचं काम आहे, हा त्या विचाराचा गाभा. अर्ज करा.

१२. जर्मनीत शिक्षण फुकट आहे, मग बारावीनंतर थेट तिकडे फिल्मला गेलं तर?

तीन वेगवेगळ्या गोष्टी या एका वाक्यात गुंतल्या आहेत.

पहिली, फुकट. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात. बाकी बऱ्याच ठिकाणी शिकवणीशुल्क नसलं तरी राहण्याजेवण्याचा वर्षाचा खर्च आधी गोठवलेल्या खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी कागदपत्रांची एपीएस पडताळणीही करून घ्यावी लागते.

दुसरी, बारावी. आपल्या बारावीवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही. भारतात पदवीचं किमान एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करावं लागतं किंवा तिकडे वर्षभराचा पूर्वतयारीचा वर्ग करावा लागतो. म्हणजे पुण्यात पहिलं वर्ष काढणं वाया जात नाही.

तिसरी, फिल्म. विद्यापीठातला चित्रपट-अभ्यास (बर्लिनचं फ्री विद्यापीठ, माइन्झ) आणि चित्रपटशाळा (पोट्सडाममधलं बाबेल्सबेर्ग, म्युनिक) यांचे प्रवेश पूर्णपणे वेगळे. शाळांना स्वतःच्या कामाचे नमुने, प्रवेशफेऱ्या आणि मुलाखत लागते, आणि जागा मोजक्या.

१३. आणि फ्रान्स?

सरकारी विद्यापीठांत युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी २०१९ पासून वेगळे दर आहेत. सुरुवातीला ते पदवीला वर्षाला २,७७० आणि पदव्युत्तरला ३,७७० युरो होते, पुढे थोडे वाढत गेले. काही विद्यापीठं त्यात सूट देतात. पदवीला साधारण बी-२ फ्रेंच मागतात. पॅरिसच्या सोर्बोन नुव्हेलचा सिनेमा विभाग नावाजलेला आहे, पण तिथे वाचन आणि लेखनच जास्त, कॅमेरा हातात येईल या आशेने जाऊ नका.

१४. बी-१ ला बोलण्यात नापास झालो, बाकी तिन्ही पास. सगळी परीक्षा परत?

गोएथेची असेल तर नाही. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे चार सुटे भाग आहेत, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात आणि राहिलेला तेवढाच भाग परत देता येतो. फ्रेंचच्या डेल्फचं उलट आहे. तिथे एकूण १०० पैकी ५० हवेत आणि प्रत्येक भागात २५ पैकी किमान ५. म्हणजे कच्च्या संभाषणाला चांगलं लेखन सावरून घेतं, पण एकूण नापास झालात तर चारही भाग पुन्हा.

१५. प्रमाणपत्राची मुदत संपते का?

डेल्फ, डाल्फ आणि स्पॅनिशचं देले यांना मुदत नाही. फ्रेंचच्या टीसीएफ, टेफ या चाचण्यांचा निकाल दोनच वर्षं चालतो. गोएथेच्या प्रमाणपत्रावर मुदत नसते, पण काही विद्यापीठं आणि वकिलाती दोन वर्षांच्या आतलं मागतात. म्हणून अर्जाच्या बऱ्याच आधी घाईने परीक्षा देऊन ठेवू नका.

१६. ताई, चित्रपट संग्रहालयात आमच्यासारख्यांना जाता येतं का, की फक्त संशोधकांना?

जा की! संग्रहालयाची स्थापना १९६४ ची. पी. के. नायर यांनी देशभरातून एकेक रीळ गोळा करून ते उभं केलं. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं, पण लॉ कॉलेज रस्त्यावरच आहे. तिथल्या प्रेक्षागृहात होणारे महोत्सव आणि फिल्म सोसायट्यांचे खेळ यांवर लक्ष ठेवा. आशय फिल्म क्लबचं नाव यात पहिलं घ्यावं लागेल. युरोपीय संघाचा चित्रपट महोत्सवही इथे झालेला आहे. सहसा जानेवारीत पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००२ पासून. त्या आठवड्यात रजा टाकणारे पुणेकर तुम्हाला ठाऊक असतीलच.

संग्रहालयाच्या आवारातला जयकर बंगलाही पाहून घ्या. बॅ. मुकुंदराव जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. विद्यापीठ आणि सिनेमा यांची पुण्यातली एकत्र खूण शोधायची तर ती ही वास्तू.

१७. रसग्रहणाचा कोर्स करून पुढे काय मिळतं?

नोकरी मिळत नाही. नजर मिळते, आणि तुमच्यासारखेच झपाटलेले लोक भेटतात. फिल्म इन्स्टिट्यूट आणि संग्रहालयाचा मिळून होणारा हा उन्हाळी अभ्यासक्रम प्रा. सतीश बहादूर यांच्या शिकवण्याने नावारूपाला आला. आता कमी मुदतीचे आणि ऑनलाइन वर्गही असतात. भाषेत बी-१ झाल्यावर केलात तर दुप्पट उपयोग होतो.

१८. या दोन्हींतून नेमकं काम कसलं मिळतं? वडील विचारताहेत.

महोत्सवांचं आयोजन, संग्रहालयांतली सूची, डबिंगच्या संहिता, शाळा-कॉलेजांत भाषा शिकवणं. आणि सबटायटल. हे शेवटचं काम बाहेरून सोपं वाटतं म्हणून थोडं सविस्तर.

पडद्यावर फार तर दोन ओळी मावतात, एकेका ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं. समजा, बाई दोन सेकंदांत म्हणते, ‘मी तुला काल संध्याकाळीच सांगितलं होतं ना, की तो आज काही यायचा नाही म्हणून?’ हे सगळं लिहिलंत तर प्रेक्षक वाचत राहील आणि तिचा चेहरा हुकेल. मग उरतं, ‘कालच सांगितलं ना, तो येणार नाही.’ ‘मी’ आणि ‘तुला’ गेले, कारण दोघं समोर दिसताहेत. ‘संध्याकाळी’ काढायचं की नाही हे मात्र अख्खा सिनेमा पाहिल्याशिवाय ठरत नाही. पुढे त्या संध्याकाळीच काही घडलेलं निघालं तर पंचाईत. शिवाय ओळ शक्यतो दृश्य बदलायच्या आत जायला हवी. म्हणजे भाषा आणि संकलन दोन्ही कळणारा माणूस लागतो. दर मिनिटावर असतात आणि सुरुवातीला बेताचेच, त्यामुळे निदान पहिली दोन वर्षं सोबत शिकवण्या ठेवाव्यात. वडिलांना हेही सांगा.

१९. एम.ए. जर्मनला सिनेमावर प्रबंधिका लिहू देतात का?

मार्गदर्शक तयार असतील तर. ‘अमुक दिग्दर्शकाची स्त्री-पात्रं’ असा सैल विषय घेऊन गेलात तर नकार मिळेल. एक कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट अशी जोडी घेऊन, मूळ भाषेतले संवाद शेजारी मांडून गेलात तर होकार मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

२०. अकरावी-बारावीला फ्रेंच होती, ९४ गुण आहेत. ए-१, ए-२ गाळून थेट बी-१ ला बसू?

हा प्रश्न दर जूनमध्ये येतो, कारण पुण्यात गुणांसाठी फ्रेंच किंवा जर्मन घेणारे ढिगाने आहेत. बोर्डाची परीक्षा सगळी लेखनावर. ऐकणं आणि बोलणं तिथे नावापुरतं. अलियाँस आणि मॅक्स म्युलर दोन्हीकडे पातळी ठरवण्याची चाचणी असते. तिच्यासाठी वेगळी तयारी करून जाऊ नका, नाहीतर न झेपणाऱ्या वर्गात जाऊन बसाल. आमच्या पाहण्यात असे विद्यार्थी बहुधा ए-२ च्या आसपास येतात. व्याकरण पक्कं, पण समोरच्याने नाव विचारलं तरी गडबडतात. ए-२ मध्ये बसलात तर त्या तीन-चार महिन्यांत फक्त कान आणि तोंड यांवर मेहनत घ्या. व्याकरण तुमच्याकडे आहेच, आणि प्रश्न ९ मधला प्रयोग तुम्ही लगेच सुरू करू शकता.